अहमदनगर महाविद्यालय : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला विद्यापरिसर

नाशिक धर्मप्रांताचा विस्तार नाशिक, अहमदनगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांत आहे. यांपैकी अहमदनगर जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाजाची वस्ती सर्वांत जुनी व दाट. या जिल्ह्याच्या मुख्य शहरात, स्टेशन रोडवर, अहमदनगर महाविद्यालयाचा परिसर आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक शिक्षक, परिचारिका, सरकारी नोकर आणि काही धर्मगुरूही याच परिसरातून पुढे गेले. तरीही हे महाविद्यालय कोणी उभे केले, केव्हा आणि कशासाठी, हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना 'ते मिशनचे कॉलेज' यापलीकडे फारसे सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात या परिसराच्या जडणघडणीचा, विशेषतः १९४७ ते १९७० या कालखंडाचा, परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. (शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे बदलण्यात आले. लेखाचा विषय त्याआधीच्या काळातील असल्यामुळे येथे जुनेच नाव वापरले आहे.)

'प्रॉटेस्टंट' म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे कॅथोलिक नसलेल्या सर्व ख्रिस्ती मंडळींना सरसकट 'प्रॉटेस्टंट' म्हणण्याची पद्धत आहे. इतिहास समजून घ्यावयाचा असेल तर थोडे अधिक बारकाईने पाहावे लागते. मार्टिन ल्यूथर यांच्या सुधारणेपासून निघालेल्या ल्यूथरन परंपरेची महाविद्यालये भारतात आहेत, पण ती महाराष्ट्राबाहेर. आंध्र प्रदेशातील गुंटूरचे आंध्र ख्रिश्चन कॉलेज आणि झारखंडमधील रांचीचे गोस्नर कॉलेज ही त्यांतील ठळक नावे. तमिळ प्रदेशातील तरंगमपाडी येथे तर ल्यूथरन मिशनरी १७०६ मध्येच उतरले होते. महाराष्ट्रात मात्र या परंपरेचा ठसा फारच थोडा आहे.

अहमदनगरला आलेले मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेतील होते. या परंपरेत महागुरुस्वामींचे पद नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाहते आणि आपला पाळक आपणच निवडते. अशा व्यवस्थेत मंडळीतील साध्या सभासदालाही बायबल वाचता यावे, हिशेब ठेवता यावा, सभेत उभे राहून आपले मत मांडता यावे, ही गरज होऊन बसते. शाळा आणि छापखाना या दोन गोष्टींवर या मिशनने आरंभापासून इतका भर का दिला, याचे एक कारण येथे सापडते.

शंभर वर्षांची पूर्वतयारी

काँग्रिगेशनल मंडळींच्या पुढाकाराने १८१० मध्ये अमेरिकेत 'अमेरिकन बोर्ड' ही मिशनसंस्था स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. पुढे हेच कार्य 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने ओळखले जाऊ लागले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगर येथे ठाणे उघडले.

यानंतरच्या काही घटना मराठी समाजाच्या इतिहासात सर्वांनाच परिचित आहेत. कुमारी सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने आधी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरात मुलींच्या शाळांचे काम केले. १८६२ मध्ये त्यांचे निधन अहमदनगरातच झाले. जोतीराव फुले यांच्यावर या शाळांचा प्रभाव पडला, आणि सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण फॅरारबाईंकडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक अहमदनगर येथे सुरू झाले. १८७८ मध्ये रेव्ह. रॉबर्ट ह्यूम यांनी धर्मशिक्षणासाठी सेमिनरी स्थापन केली. रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा काळ याच शहरात गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'त ते दिवस अमर केले आहेत.

मिशनच्या शाळा शहरापुरत्या राहिल्या नाहीत. तालुक्यातालुक्यांत, गावाच्या कडेला असलेल्या वस्तीत, एकशिक्षकी शाळा निघाल्या. ज्यांना गावच्या शाळेत ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, त्या समाजातील मुले येथे पाटी घेऊन बसू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या येशूसंघीय फादरांनी, आधी जर्मन आणि नंतर स्विस, केंदळ, वळण, संगमनेर, राहाता या भागांत जे कार्य उभे केले, त्यातही शाळा आणि वसतिगृह हीच दोन प्रमुख अंगे होती. म्हणजे जिल्ह्यात दोन परंपरांचे कार्य शेजारीशेजारी वाढत होते. त्यांचे संबंध नेहमीच प्रेमाचे नव्हते. स्पर्धा होती, कटुताही होती. पण दोहोंच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढची अडचण एकच होती.

मॅट्रिकच्या पुढे काय?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिल्ह्यात माध्यमिक शाळा होत्या, पण पदवीचे महाविद्यालय नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे असेल तर सुमारे १२० किलोमीटरवरील पुणे गाठावे लागे, नाही तर मुंबई. नाशिकला गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ पासून होते. पण दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलेल्या नगरकरांना पुणेच सोयीचे.

सोयीचे म्हणजे तरी कोणाला? वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या, मोठ्या बागाईतदाराच्या मुलाला. फी, खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके हा सगळा खर्च शेतमजुराच्या किंवा गावशाळेतील मास्तरच्या घराला झेपणारा नव्हता. मुलींच्या बाबतीत तर पैशांच्या आधी 'परगावी एकटी कशी पाठवायची' हा प्रश्न उभा राही. परिणामी मिशन शाळेतला हुशार मुलगा बहुधा मॅट्रिकला थांबे, किंवा त्याही आधी शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन गावी नोकरीला लागे. समाजात शिक्षक पुष्कळ तयार झाले, पण प्राध्यापक, शास्त्रज्ञ, वकील आणि प्रशासक मोजकेच. शंभर वर्षांच्या शाळांनंतरही वरची पायरी गाठता येत नव्हती, आणि ही उणीव जाणत्या मंडळींना बोचत होती.

१९४७ : एका मराठी ख्रिस्ती प्राध्यापकाचा निर्णय

ही पायरी बांधण्याचे काम डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अंगावर घेतले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले हिवाळे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापन करीत होते. विल्सन महाविद्यालयाची मुळे १८३२ पर्यंत जातात. स्थैर्य, प्रतिष्ठा आणि विद्वानांचा सहवास तेथे होता. हे सर्व सोडून त्यांनी जिल्ह्याच्या गावी महाविद्यालय काढण्याचे ठरविले आणि जून १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय सुरू झाले.

या वेळेचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेते स्थानबद्ध होते, आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच शहरात हे महाविद्यालय सुरू झाले. देश स्वतंत्र होण्यास काही आठवडेच उरले होते. परदेशी मिशनरी किती काळ राहतील, परदेशातून येणारे साहाय्य चालू राहील का, स्वतंत्र भारतात ख्रिस्ती संस्थांना कोणते स्थान मिळेल, यांपैकी कशाचेही उत्तर हाती नव्हते. अशा वेळी बहुतेक संस्था आहे ते सांभाळण्याच्या विचारात असतात. हिवाळे यांनी नवी संस्था काढली, आणि तिचे नेतृत्व पहिल्या दिवसापासून मराठी माणसाच्या हाती होते. मिशनरी पिढ्यांनी घातलेल्या पायावरचे हे बांधकाम होते, पण बांधणारे हात येथले होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे महाविद्यालयाची दारे पहिल्यापासून सर्व धर्मांच्या आणि जातींच्या मुलामुलींना खुली होती. ख्रिस्ती समाज जिल्ह्यात अल्पसंख्य. केवळ त्याच्यासाठी महाविद्यालय काढणे व्यवहारात शक्य नव्हते, आणि तसे काढणे योग्यही ठरले नसते. ज्या शहरात आपण शंभर वर्षे राहिलो, त्या शहराला काही तरी द्यावे, ही भूमिका त्यामागे होती. नगरकरांनीही हे महाविद्यालय आपले मानले.

परिसर कसा वाढतो?

महाविद्यालयाचा परिसर पाहताना आपल्याला इमारती दिसतात. त्या कोणत्या क्रमाने आणि का उभ्या राहतात, हे समजून घेतले की संस्थेचा स्वभाव कळतो.

त्या काळी नव्या महाविद्यालयाला विद्यापीठाची संलग्नता मिळवावी लागे, आणि ती एकदम सगळ्या वर्गांसाठी क्वचितच मिळे. आधी पहिल्या वर्षाचा, मग इंटरचा, नंतर पदवीचा वर्ग अशी एकेक पायरी चढावी लागे. प्रत्येक पायरीवर विद्यापीठाची समिती येऊन प्राध्यापकांची पात्रता, ग्रंथालयातील पुस्तके, वर्गखोल्या आणि संस्थेची शिल्लक तपासे. कला शाखेसाठी चार खोल्या, फळा, बाके आणि बऱ्यापैकी ग्रंथालय असले की काम चालू करता येई. विज्ञान शाखेचे तसे नव्हते. रसायनशास्त्राला पाणी, गॅस, हवा खेळती राहणारी दालने आणि आम्लाने न खराब होणारी मेजे लागत. पदार्थविज्ञानाला उपकरणे आणि अंधारखोली लागे. जीवशास्त्राला सूक्ष्मदर्शक आणि नमुन्यांचा संग्रह लागे. दर वर्षी तुटणारी काच आणि संपणारी रसायने हा खर्च तर कायमचाच. म्हणून लहान गावातील नवी महाविद्यालये बहुधा कला शाखेवरच थांबत. अहमदनगर महाविद्यालय तेथे थांबले नाही, आणि या परिसराचे वेगळेपण त्यातच आहे.

वाढीच्या पहिल्याच टप्प्यात आणखी एक बदल झाला. महाविद्यालय सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. १९४८ च्या कायद्यान्वये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. १९४९ पासून नगरसह आसपासच्या जिल्ह्यांतील महाविद्यालये या नव्या विद्यापीठाकडे आली. मुंबईपेक्षा पुणे जवळ, आणि विद्यापीठही नवे. त्यामुळे जिल्ह्याच्या महाविद्यालयाला आपले म्हणणे मांडण्यास अधिक वाव मिळाला.

पैशांची व्यवस्थाही याच काळात बदलली. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि वसतिगृहे यांसाठी सरकारी अनुदानाची वाट खुली झाली. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला होताच, आणि अनुदान देताना अशा संस्थांशी भेदभाव करता येणार नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी मनात असलेल्या अनेक शंकांचे हे घटनात्मक उत्तर होते. १९४७ मध्ये टाकलेले पाऊल धाडसाचे होते, पण पुढील दहा वर्षांत त्याला कायद्याचा आधार मिळत गेला.

जिल्हाही बदलत होता. १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग यशस्वी झाला. पाटाच्या पाण्याखालील गावांत हाती पैसा येऊ लागला आणि शेतकऱ्यांची मुले शिक्षणाकडे वळली. यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळू लागली, तेव्हा ही संख्या आणखी वाढली. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी वर्गात येऊन बसली. वर्गखोल्या वाढल्या त्या या मुलांसाठी.

वसतिगृहाचे मोल

ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली होती. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदू धर्मीयांपुरती मर्यादित केली. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा झाला नाही. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला, तेथील दारिद्र्य आणि गावकीतील स्थान धर्म बदलल्याने बदलले नव्हते. एकाच वस्तीतील, एकाच भावकीतील दोन मुलांपैकी एकाला शिष्यवृत्ती मिळे आणि दुसऱ्याला ती नाकारली जाई.

या दुसऱ्या मुलासाठी स्वस्त वसतिगृह, फीमधील सवलत आणि परिसरातच मिळणारे छोटे काम या गोष्टी किती मोलाच्या होत्या, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. महाविद्यालयाचा विकास मोजताना आपण वर्गखोल्या मोजतो. मात्र गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या परिसरातील सर्वांत महत्त्वाची इमारत वसतिगृह हीच असते. वर्ग कितीही चांगला असला, तरी रात्री झोपायला आणि दिव्याखाली वाचायला जागा नसेल तर तो वर्ग त्याच्यासाठी नसल्यासारखाच.

रक्तातील प्रथिन आणि नगरचा प्रयोग

डॉ. हिवाळे यांच्या पश्चात महाविद्यालयाची धुरा डॉ. थॉमस बार्नबस यांनी प्राचार्य म्हणून दीर्घकाळ सांभाळली. संस्थेची चालक सोसायटी आज 'भास्कर पांडुरंग हिवाळे एज्युकेशन सोसायटी' या नावाने संस्थापकाची स्मृती जपते.

विज्ञानावर दिलेल्या भराचे फळ एका उदाहरणावरून दिसते. डॉ. जॉन बार्नबस हे या महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विभागाचे प्रमुख होते. त्यांचा विषय हिमोग्लोबिन. आपल्या रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे हे प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेले असते. माणसात त्यातील अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ दुवे असतात. माणूस, माकड, घोडा, ससा यांच्या साखळ्या शेजारीशेजारी मांडल्या तर काही दुवे सारखे दिसतात, काही वेगळे. ज्या प्राण्यांचे नाते जवळचे, त्यांच्या साखळ्यांत फरक कमी. हे फरक मोजून, कमीत कमी बदल गृहीत धरून, सजीवांची वंशावळ कशी मांडता येईल, यावर डॉ. बार्नबस यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ मॉरिस गुडमन यांच्या समवेत काम केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. १९७४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. विज्ञानातील हा भारताचा एक अग्रगण्य सन्मान. पुढे त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केले.

महानगरातील मोठ्या संशोधन संस्थेत असे कार्य झाले असते तर त्याचे फारसे आश्चर्य वाटले नसते. पण पंचवीस वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात पदवीचा वर्गही नव्हता, तेथील एका ख्रिस्ती महाविद्यालयात ते झाले. श्रद्धा आणि विज्ञान यांचे वैर असते असे मानणाऱ्यांनी, आणि आपल्या मुलांना 'आपल्याला हे जमायचे नाही' असे सांगणाऱ्या पालकांनीही, हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कुंपणाबाहेरचा परिसर

१९३१ मध्ये लिंडसे आयोगाने भारतातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाविषयी अहवाल दिला होता. ख्रिस्ती महाविद्यालये केवळ परीक्षांची तयारी करून घेणारी केंद्रे बनत आहेत, त्यांनी संशोधन आणि विस्तारकार्य यांद्वारे भोवतालच्या समाजाच्या, विशेषतः खेड्यांच्या, प्रश्नांशी नाते जोडावे, असा त्याचा आशय होता. अनेक महाविद्यालयांत ही शिफारस कागदावरच राहिली.

अहमदनगर महाविद्यालयात १९६० च्या दशकात डॉ. एस. के. हुलबे यांच्या पुढाकाराने ग्रामीण विकास व संशोधनाचे कार्य सुरू झाले. विद्यार्थ्यांनी खेड्यात जावे, तेथील पाणी, शेती, आरोग्य आणि कर्ज यांची माहिती गोळा करावी, लोकांबरोबर काम करावे, हा त्याचा गाभा. त्यातूनच पुढे 'सीएसआरडी' या नावाने ओळखली जाणारी समाजकार्य शिक्षणाची संस्था वाढली. राष्ट्रीय सेवा योजना देशात सुरू झाली ती १९६९ मध्ये. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील महाविद्यालयाला गावाकडे वळण्यासाठी त्या योजनेची वाट पाहावी लागली नव्हती.

याच दशकाच्या उत्तरार्धात, याच शहरात, आपल्या स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी 'सोशल सेंटर'च्या माध्यमातून ग्रामविकासाचे कार्य उभे केले. त्या कामाच्या अनुभवातूनच पाणलोट विकासाची चळवळ आकारास आली आणि १९९३ मध्ये फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. काँग्रिगेशनल परंपरेचे महाविद्यालय आणि कॅथोलिक सामाजिक केंद्र एकाच दुष्काळी मातीतून एकाच निष्कर्षाप्रत आले : पाऊस कमी पडतो त्या गावात शिक्षण, पाणी आणि संघटन हे तीन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

त्याच काळातील इतर परिसर

अहमदनगरचे उदाहरण एकटे नाही. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. नगरपासून ते सुमारे ११५ किलोमीटरवर. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानापासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर विद्यापरिसर उभारण्याची ती तळमळ आणि नगरची तळमळ यांत साम्य दिसते.

१९५५ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कँडी येथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी पुण्याला आली. आज जेथे ज्ञानदीप विद्यापीठ आहे तो परिसर पुण्याच्या नगर रस्त्यावरच आहे. स्वतंत्र भारतातील धर्मगुरूंचे शिक्षण भारताच्याच मातीत व्हावे, या विचाराला त्या स्थलांतराने बळ मिळाले.

साता समुद्रापलीकडेही असेच घडत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत १९४४ च्या कायद्यानुसार परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. आयोवासारख्या राज्यांतील लहान ल्यूथरन महाविद्यालयांनाही या लाटेने नव्या वर्गखोल्या आणि वसतिगृहे बांधावयास लावली. फरक इतकाच की तेथे विद्यार्थी आधी आले आणि त्यांच्यामागे सरकारचा पैसा आला. नगरला महाविद्यालय आधी उभे राहिले, आणि विद्यार्थी व अनुदान दोन्ही मागाहून आले.

नंतरचा काळ

१९६१ मध्ये संगमनेरला महाविद्यालय निघाले. १९७० मध्ये नगर शहरातच न्यू आर्ट्स महाविद्यालय सुरू झाले. १९७० च्या दशकाच्या मध्यास १०+२+३ ही रचना आली आणि अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय परिसराचा भाग बनले. अहमदनगर महाविद्यालय आता जिल्ह्यातील अनेकांपैकी एक झाले. हे त्याचे अपयश मानू नये. जिल्ह्यात महाविद्यालय चालू शकते, विज्ञान शिकवता येते, गरिबाघरचा विद्यार्थी पदवी घेऊ शकतो, हे त्याने आधी दाखवून दिले होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या आणि नाशिकच्या अँग्लिकन परंपरेतील मंडळ्या त्या ऐक्यात एकत्र आल्या. त्याआधी सहा वर्षे, १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. आपल्यापासून विभक्त असलेल्या बंधूंमध्ये जे खरे ख्रिस्ती धन आढळते, ते कॅथोलिकांनी आनंदाने मान्य करावे, असे त्यात आवर्जून सांगितले आहे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नगरच्या फॅरारबाईंच्या शाळेशी जिचे नाव जोडले जाते, त्या शिक्षिकेच्या नावाचे पदवीपत्र आज नगरची मुले हाती घेतात.

आपल्यासाठी काय?

या इतिहासातून आपल्या धर्मग्रामांना तीन गोष्टी घेता येतील.

पहिली, संस्था ही इमारतीआधी माणसांची असते. मुंबईतील स्थिर जागा सोडून जिल्ह्याच्या गावी येणारा एक प्राध्यापक नसता तर शंभर वर्षांच्या मिशनकार्याला ही पायरी मिळाली नसती. आज आपल्या समाजात उच्चशिक्षित तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींनी तरी आपल्या ज्ञानाचा काही वाटा गावाकडे परत आणावा.

दुसरी, वसतिगृहांची उपेक्षा करू नये. शाळा व महाविद्यालये आता तालुक्यातालुक्यांत आहेत, पण डोंगरातील पाड्यावरच्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला राहण्याच्या जागेची गरज १९४७ इतकीच आहे. आपल्या धर्मप्रांतातील लहानसहान वसतिगृहे दिसायला साधी असली, तरी गळती थांबविण्याचे काम तीच करतात.

तिसरी, आपल्या आठवणी जपून ठेवाव्यात. अहमदनगर महाविद्यालयात १९५० व १९६० च्या दशकांत शिकलेले ज्येष्ठ आज आपल्या धर्मग्रामांत मोजकेच उरले आहेत. त्यांच्याकडे जुनी छायाचित्रे असतील, वसतिगृहाच्या पावत्या असतील, गुणपत्रिका असतील. घरातील तरुणांनी त्यांच्याजवळ बसून त्या दिवसांविषयी विचारावे, उत्तरे लिहून काढावीत आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी. कोण कोणत्या गावाहून आला, फी कशी भरली, कोणी मदत केली, हे तपशील अहवालांत सापडत नाहीत. सांगणारे आपल्यात आहेत तोवर ते विचारून घेणे आपल्या हातात आहे.